हं, ऐकतेय

धुळीला आवाज असतो, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. काचेपलीकडे बसून कुणीतरी सतत रवा चाळतंय असा आवाज. आज सकाळपासून हे चाळणं चाललंय. कुवेतमधल्या मंगफच्या आमच्या फ्लॅटमधली हॉलची खिडकी बरोबर वायव्येला तोंड करून आहे, त्यामुळे पहिला मान आमचा. फटींमध्ये ओले टॉवेल कोंबलेत, बाल्कनीतल्या खुर्च्या आत घेतल्यात, तरी दाताखाली कचकच येतेच. सुट्टीचा दिवस आणि मला एका जागी बसवत नाही. कानातली मशीनं काढून डबीत ठेवते, पाच मिनिटांनी पुन्हा घालते. घातली की हा रवा, फ्रिजची घरघर, वरच्या मजल्यावर ओढली जाणारी खुर्ची, लिफ्टचं दार. काढली की सगळं गप्प, आणि मग ते गप्प असणंच सोसत नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, पेपरमधून डोकं वर काढून म्हणतो, "अगं, एकदा काय ते ठरव ना." म्हणायला काय जातंय त्याचं!

कुवेतचा वसंत असा किती दिवसांचा? थंडी सरता सरता वाळवंटात हिरवळ उगवल्याची अफवा उठते, लोक तंबू घेऊन तिकडे धावतात, आणि तंबू गुंडाळून परत येईपर्यंत हे दिवस सुरू झालेले असतात. सकाळी आभाळ स्वच्छ निळं असतं. दुपारी गडगडायला लागतं, आणि बघता बघता समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते. इथले लोक या दिवसांना सरायत म्हणतात. या दिवसांत ज्याचं त्याचं नाक चोंदलेलं, घसा बसलेला, कान भरलेले असतात. त्यामुळे "कानात दडे बसलेत गं" असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. हे वाक्य मी दोन वर्षं वापरलं. एप्रिलमध्ये वापरलं ते ठीक होतं. मी ते डिसेंबरातही वापरलं.

आणि दुसरं माझं हत्यार म्हणजे "हं".

मी मूळची मिरजेची. आमच्या घरी कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये हुंकार द्यायचा, ही रीतच होती. आई मेथी निवडता निवडता शेजारच्यांची भांडणं सांगायची, आणि मी गप्प बसले की हातातली जुडी खाली ठेवायची. "हं तरी म्हण गं, मी काय भिंतीशी बोलतेय?" मग मी हं म्हणायचे आणि गोष्ट पुढे जायची. तेव्हापासून जिभेवर बसलेला हा शब्द कान अधू व्हायला लागल्यावर असा काही कामाला आला, की काय सांगू! कुणीही काहीही बोललं की मान थोडी तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, हं. समोरचा खूश. त्याला वाटतं, बाई किती मन लावून ऐकते. फोनवर तर बघायलाच नको. माझ्या सासूबाईंशी अर्धा अर्धा तास मी नुसत्या हंवर काढलाय, आणि त्या सगळ्यांना सांगत असायच्या की माझी सून फार समजूतदार आहे.

मी काम करते हॉस्पिटलात. तेव्हा थिएटर सिस्टर होते. आमच्या बोलीत थिएटर म्हणजे ऑपरेशन थिएटर. सिनेमाचं ते टॉकीज. सर्जनच्या समोर उभं राहून त्याला जे हवं ते त्याच्या तळहातावर ठेवायचं, हे माझं काम. आता विचार करा, तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क. ओठ दिसत नाहीत. आमचा मोठा सर्जन इजिप्तचा, भूलतज्ज्ञ हैदराबादचा, सिस्टर केरळच्या आणि फिलिपिन्सच्या, आणि सगळ्यांची इंग्लिश आपापल्या गावची. मग मी ऐकायचं सोडूनच दिलं आणि हात बघायला लागले. सर्जनचा अंगठा आत वळला की क्लॅम्प. दोन बोटं हलली की कात्री. मनगट उताणं झालं आणि बोटं सैल पडली की टाका घालायची सुई. तो बोलायच्या आत वस्तू हातात! एकदा त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "धिस सिस्टर रीड्स माय माइंड." सगळे हसले, मीही मास्कच्या आत हसले.

कान एकदम जात नाहीत. आधी बारीक बारीक आवाज जातात. स, श, च, फ असली अक्षरं पुसली जातात आणि नुसते स्वर उरतात. सुधीरनं विचारावं, "चहा?" आणि मी घड्याळ बघून सांगावं, "नाही रे, अजून साडेपाचच." कारण मला ऐकू आलेलं असायचं सहा. कधी तेच दहा व्हायचं. आमच्या मुलीला, सानिकाला, याची भारी गंमत वाटायची. तेव्हा ती बारावीत होती. इथेच वाढलेली, सगळं समजतं पण उत्तर देणार इंग्लिशमध्ये. "मॉम, यू आर सो रँडम!" म्हणून हसत सुटायची. मीही हसायचे. त्याच हिवाळ्यात मी महिनाभर गाडी चालवली आणि शेवटी सुधीर ती राई नावाच्या भागातल्या गॅरेजमध्ये घेऊन गेला तेव्हा मीही बरोबर होते. मेकॅनिकनं चाक काढून ब्रेक दाखवले, पार घासून गेलेले. "मॅडम, इतना चीखता था, आप को सुनाई नहीं दिया?" मी म्हटलं, "रेडिओ चालू था." त्या गाडीचा रेडिओ वर्षभरापासून बंद होता. सुधीरला ते माहीत होतं. तो माझ्याकडे न बघता टायरकडे बघत राहिला.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगतेय, ती.

ईदच्या सुट्टीच्या आधीचा आठवडा. पोटाचं मोठं ऑपरेशन होतं, चार तास चाललेलं. पोटातलं रक्त टिपायला कापडाचे चौकोन वापरतात, त्यांना आम्ही मॉप म्हणतो. पोट शिवायच्या आधी ते सगळे मोजायचे, एकीनं मोठ्यानं आणि दुसरीनं तिच्यामागून. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत. फळ्यावर तसं लिहायचं. त्या दिवशी बाहेरची मोजणी आमची इन-चार्ज सिस्टर जेसी करत होती. कोट्टायमची बाई, कडक, कामात कुणाचं ऐकून न घेणारी. तिनं मोजलं आणि माझ्या पाठीमागून काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हं."

नंतर कळलं, ती म्हणाली होती, "वन शॉर्ट, सिस्टर. तुझ्याकडे आहे ना?"

माझ्या हंवर तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? बारा वर्षांची ओळख. सर्जननं सुई मागितली, म्हणजे मनगट उताणं केलं. मी सुई देणार, एवढ्यात नजर फळ्याकडे गेली. तिथला आकडा पुरा नव्हता. मी ओरडले, "स्टॉप!" सगळं थांबलं. मॉप सापडला, माझ्याच बाजूच्या हिरव्या कापडाच्या घडीत चिकटलेला होता. पेशंटच्या पोटात नव्हता. पण तो तिथे नव्हता हा माझा शहाणपणा नव्हे, नुसतं नशीब! दोन मिनिटांत पोट शिवायला घेतलं. जेसी एवढंच म्हणाली, "थक गई हो. छुट्टी में घूम के आओ." ते तिनं मास्क काढून, समोर उभं राहून म्हटलं, म्हणून मला कळलं.

घरी मी काही बोलले नाही. धुणं वाळत घातलं, काढलं, पुन्हा घातलं. सानिकाचे पेपर संपले होते आणि तिनं सुट्टीचं ठिकाण आधीच ठरवून टाकलं होतं. जॉर्डन. अम्मानला जायचं आणि तिथून गाडीनं जेराशला. "मॉम, देअर इज अ रोमन थिएटर. ऑलमोस्ट परफेक्ट! टू थाउजंड यर्स!" सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थिएटरातून सुट्टी घेऊन थिएटर बघायला कशाला चाललीस गं बाई?" हे त्या इतक्या खणखणीत बोलल्या की मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

जेराश म्हणजे टेकडीवरचं दगडी गाव. कमानीतून आत शिरलं की खांबच खांब, आणि खांबांच्या मधल्या फटींमध्ये लाल पॉपीची आणि पिवळी बारकी फुलं माजलेली. धूळ नव्हती. कुवेतमधून गेलेल्या माणसाला असली हवा सहनच होत नाही, सारखं वाटतं की काहीतरी विसरलंय. सुधीर फोटो काढत रमत गमत चालला होता. मी भराभरा पुढे. "अगं, बस चुकतेय का आपली?" तो मागून ओरडला असणार, कारण सानिका धावत येऊन मला थांबवून गेली.

आणि मग ते थिएटर. अर्ध्या ताटासारख्या वर वर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि खाली सपाट फरसबंदी. समोर दारांची, खांबांची भिंत जशीच्या तशी उभी. पायऱ्यांवर काही ठिकाणी अक्षरं कोरलेली. गाइडनं सांगितलं, ही सीटची खूण, ज्याची त्याची जागा ठरलेली. म्हणजे रिझर्वेशन तेव्हाही होतंच! गाइड म्हातारा होता, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, हातात काठी, आणि आम्ही इंडियन म्हटल्यावर "नमस्ते, नमस्ते" करणारा. तो म्हणाला, हे बांधणाऱ्यांना आवाज कळत होता. माइक नाही, काही नाही, खाली कुणी साधं बोललं तरी शेवटच्या पायरीवरच्या माणसाला ऐकू जातं. इथे कुणाला ऐकू येत नाही, असं होतच नाही. त्यानं हे दोनदा सांगितलं. मला वाटलं, आपण निघावं इथून.

फरशीच्या मधोमध एक खुणेचा दगड होता. एकेकानं त्यावर उभं राहून बोलायचं. माझी पाळी आली. काय बोलायचं ते सुचेना, मग तोंडाला जे रोजचं तेच आलं. वन, टू, थ्री, फोर. आणि माझाच आवाज चारही बाजूंनी माझ्यावर चालून आला. तो मला ऐकू आला, अगदी स्पष्ट, हाडांतून. पण केवढा मोठा! वरच्या पायऱ्यांवर बसलेली शाळेची पोरं कानांवर हात ठेवून हसत होती. मी एवढ्या मोठ्यानं बोलते? घरात, लिफ्टमध्ये, वॉर्डात, सगळीकडे? मला कुणी सांगितलं कसं नाही? "फाइव्ह" तोंडातच राहिला आणि मी दगडावरून उतरले.

गाइडला अजून एक गंमत दाखवायची होती. पहिल्या पायरीखालच्या भिंतीत वाटीएवढे गोल खळगे आहेत, ओळीनं. या टोकाच्या खळग्यात कुजबुजलं की भिंतीतून फिरून त्या टोकाच्या खळग्यात ऐकू येतं. "मदर हिअर, डॉटर देअर," तो म्हणाला आणि मला एका टोकाला उकिडवं बसवलं. सानिका दुसऱ्या टोकाला गेली. सुधीर तिच्याजवळ. मी कान खळग्याला लावला. दगड गार होता. शेवाळाचा वास येत होता. मी डोळे मिटले आणि जीव गोळा करून ऐकलं. नुसतं हूं हूं, शंखात येतं तसं. पलीकडे पाहिलं तर सानिकाचं डोकं भिंतीशी टेकलेलं, ओठ दिसत नव्हते. मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर हवं होतं, एवढं कळत होतं.

मी खळग्यात तोंड घातलं आणि म्हटलं, "हं."

वर आणखी हातानंही छान म्हणून खूण केली.

ती तिथून उठली आणि सरळ फरशी ओलांडून माझ्याकडे आली. डोळे भरलेले. मला वाटलं, कॉलेजला लांब जाणार म्हणून काहीतरी हळवं बोलली असेल. मी तिला जवळ घेतलं. "काय गं, येडे, रडायला काय झालं?"

तिनं मला ढकललं नाही, पण दोन्ही खांदे धरून समोर उभं केलं. अगदी तोंडासमोर तोंड. "मी काय विचारलं तुला?"

"छान होतं ना ते," मी म्हटलं.

"आई, मी विचारलं, तुला ऐकू येत नाही ना? आणि तू हं म्हणालीस."

मराठीत म्हणाली. आई म्हणाली. एक एक शब्द सुटा करून, जशी लहानपणी मी तिला शिकवायचे. मला लाज वाटली. लेकीची नव्हे, माझी. बारा वर्षं हातमोज्यांत काढलेल्या बाईला तिच्या पोरीनं असं दिवसाढवळ्या, शंभर लोकांसमोर पकडलं होतं, आणि शंभर लोकांना काही कळलंही नव्हतं, कारण तेवढ्यात युनिफॉर्ममधले दोघे म्हातारे बॅगपाइप आणि ढोल वाजवत आत आले होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. तो ढोल मला ऐकू येत होता. ढोल सगळ्यांनाच ऐकू येतो.

आम्ही तिघं वरच्या पायरीवर जाऊन बसलो. मी मॉपचं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. सुधीर गुडघ्यावर बोटं वाजवत होता, तो माझ्या बाजूला सरकून, तोंड माझ्याकडे करून म्हणाला, "मला माहीत होतं. मी वर्षभर तुझ्यासमोर येऊनच बोलतोय."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तू बोलशील असं वाटलं."

मला त्याचा असा राग आला! वर्षभर सांभाळून घेतलं म्हणून राग, आणि वर्षभर गप्प बसला म्हणूनही राग. मग तो म्हणाला, "तरी लगेच सांगू नकोस. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, पुढचं अजून नक्की नाही. हिची ॲडमिशन होऊ दे. मशीन घे, कुणाला कळणारही नाही केसांखाली. तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे." तो चुकीचं बोलत नव्हता. तुझी नोकरी गेली तर काय, हा त्याच्या पोटातला खरा प्रश्न, आणि तो माझ्याही पोटात होताच. बहिरी सिस्टर कोण ठेवतो? परतीच्या गाडीत मी तीन-चार महिन्यांतले ऑपरेशनचे दिवस मोजत बसले. मोजायची खोड. आणि प्रत्येक दिवसाशी मला ते हिरवं कापड दिसत होतं, आणि त्या घडीत नसलेला, पोटात राहिलेला मॉप दिसत होता.

थिएटर हा शब्द आमच्याकडे कसा आला, ते मला नर्सिंगच्या वर्गात शिकवलं होतं. जुन्या काळी ऑपरेशन बघायला लोक पायऱ्यांवर बसायचे, म्हणून थिएटर. तेव्हा ऐकून शहारे आले होते. आता उलटं वाटतं. कुणीतरी बसायला हवं होतं पायऱ्यांवर. आमच्या थिएटरात बघणारं कुणी नसतं, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो झोपलेला असतो. तिथे एखादीला ऐकू येत नसेल, तर ते तिनंच सांगावं लागतं.

ईदनंतरचा कामाचा पहिला दिवस. सकाळी सात. बाहेर असाच नारिंगी उजेड, बसमधून उतरताना डोळ्यांत कचकच. बोर्डावर पहिल्या केससमोर माझं नाव. मी रोजच्यासारखी टोपी घातली, मास्क बांधला, बेसिनपाशी उभी राहून कोपरापर्यंत हात धुवायला घेतले. पाच मिनिटं घासायचे असतात. चौथ्या मिनिटाला जेसी आली, काहीतरी विचारलं. सुट्टी कशी झाली, असंच असणार.

"सिस्टर, डस्ट की वजह से..." माझ्या तोंडून निघालंच. मग मी कोपरानं नळ बंद केला. "नहीं. डस्ट नहीं. मुझे सुनाई नहीं देता. दो साल से. उस दिन आप ने वन शॉर्ट बोला, मैंने सुना ही नहीं था. ऐसे ही हं बोल दिया."

ती मास्कच्या आड काहीतरी म्हणाली. लांबलचक. मी मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि थांबले. "मास्क नीचे करो, प्लीज. मेरे को समझा नहीं." दोन वर्षांत मी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं.

तिनं मास्क खाली ओढला. चेहरा पांढराफटक. तिला तो दिवस आठवत होता, माझ्याइतकाच. समजूत वगैरे तिनं घातली नाही. "अंदर मत जाओ," ती म्हणाली. "कल से नीचे, हत्यारं धुतात तिथे. कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी आधी. बाकी मैं देखती हूँ." खरं तर ती हिंदीतच बोलली, मला मात्र ते असंच अर्धं मराठीत आठवतं. मग ती बोर्डाकडे गेली आणि तळहातानं माझं नाव पुसलं. त्याजागी प्रिया लिहिलं. प्रिया येऊन सहा महिने झालेले. माझ्या शेजारच्याच बेसिनपाशी ती हात धूत होती आणि घाबरून आमच्याकडे बघत होती.

"बाळा, इकडे बघ," मी तिला म्हटलं, ती नाशिककडची होती. "सर तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यावर जाऊ नकोस. हात बघ. अंगठा आत वळला की क्लॅम्प. मनगट उताणं झालं की सुई. आणि काउंटला आकडा मोठ्यानं म्हण. नुसती मान हलवायची नाही. नाही समजलं तर सगळं थांबव, कुणी काही म्हणू दे. कळलं?"

तिनं मला मोठ्यानं सांगितलं, "कळलं, सिस्टर. आकडा मोठ्यानं." आणि पाठीनं दार ढकलून ती आत गेली.

दार मिटलं, वरचा लाल दिवा लागला. जेसीही आत गेली होती. बेसिनपाशी मी एकटी उभी होते, धुतलेले दोन्ही हात छातीसमोर वर धरून, कशालाही लागू नयेत म्हणून. कोपरांवरून पाणी गळत होतं. आता ते हात खाली घ्यायला काहीच हरकत नव्हती, पण मला ते घेववेनात.